भानूचा हात धरायला

माजं गाव काष्टी, श्रीगोंदा तालुक्यातलं. पर अगदी गावात न्हाई, गावापासून लांब भीमेच्या अंगाला आमची वस्ती हुती, चार घरं, समदी भाऊबंदांची, आन वस्तीवरून आगगाडीचा धूर तेवडा दिसायचा, बाकी बाहेरच्या दुनियेचं आमाला कायबी ठावं न्हवतं. नाव माजं अनुसया. वडलांना आमी दादा म्हनायचो. जिमीन बरी हुती, मोटंचं पानी हुतं, दारात बैलं, म्हशी, कनगीत ज्वारी, खान्यापिन्याला कमी न्हवतं. घरात दुख म्हनाल तर एकच, आन ते भानूचं.

भानू माजा धाकटा भाऊ. लहानपनी त्याला देवी आल्या, अंगभर आल्या, डोळ्यातबी आल्या, आई लिंबाचा पाला अंथरून त्याला मांडीवर घिऊन बसायची, कुनाला जवळ येऊ देईना. जगला पोरगा. पर एक डोळा पार गेला आन दुसऱ्याला निसता उजेड कळायचा, म्हंजे दार उगडं हाय का लावलंय एवडं कळायचं, दारात कोन उभं हाय ते न्हाई कळायचं. तोंडावर समदे वण, तरी हासला की बगत ऱ्हावं आसा. आन डोकं काय सांगू तुमाला, एकदा कानावर पडलं की संपलं, इसरायचा न्हाई. गावात कीर्तन झालं की दुसऱ्या दिशी हा गोठ्यात उभा ऱ्हायचा आन म्हशीपुडं समदं कीर्तन जसंच्या तसं करून दावायचा, बुवा खोकला आसंल तर तिथं खोकायचा सुदा. आमी हासून हासून पडायचो. आईबी हासायची, आन मंग पदर डोळ्याला लावायची.

गावच्या साळंत दादांनी त्याला घातला, तर मास्तर म्हनला, पाटील, ह्याला फळा दिसंना, पाटी दिसंना, मी शिकवू काय, वर पोरं ह्याला ढकलून देत्यात, उंद्या कायतरी झालं तर माज्यावर येईल. दादा त्याला खांद्यावर बसवून परत घिऊन आले. त्या दिशी दादा जेवले न्हाईत. आमचे दादा अंगठेबहाद्दर, पर पोरगा शिकावा आसं त्यांच्या लई मनात हुतं, आन ज्याला शिकवायचं तेच पोरगं आसं, मंग मानूस आतून झुरतो.

मंग आमचा एक सोयरा नगरला आडतीच्या दुकानात हुता त्यानं सांगितलं, की नगरच्या बाहेर सावेडीच्या बाजूला एक साळा हाय, नवराबायकोनं काडलीय, सरकारची न्हाई कुनाची न्हाई, त्यांची त्यांनीच, आन तिथं पोरं-पोरी एका वर्गात बसत्यात, गावातली पोरं रोज येऊन-जाऊन आस्त्यात आन खेड्यातली तिथंच बोर्डिंगात ऱ्हात्यात. तवा सावेडीला हे आत्तासारकं काय न्हवतं बरं का, आता तुमी निसत्या बिल्डिंगी बगता, तवा शेतं, विहिरी, बाभळी. साळंला लोक मळ्यातली साळाच म्हनायचे. तो सोयरा म्हनला, ते गुरुजी आंधळ्याला न्हाई म्हननार न्हाईत.

दादा तयार झाले, पर आई म्हनली, माजं लेकरू तिथं परक्या मुलखात, त्याला परसाकडं कोन नेईल, त्याचं ताट त्याच्या म्होरं कोन सरकवील, विहिरीबिहिरीत पडलं म्हंजे? लई रडली. दादा माज्याकडं बगून म्हनले, अनु जाईल संगं. बास. तेवडंच. मी चुलीपुढं बसल्याली, हातात काटवटीतलं पीठ. आमच्या वस्तीवर एकबी पोरगी साळंत गेल्याली न्हवती, माजं लगीन ठरवायचं बोलनं चाललं हुतं, आन मी कुटं निगाले तर नगरला, आगगाडीनं. मला आनंद झाला का भ्या वाटलं ते आता न्हाई सांगता येनार.

लढाई सुरू झाल्याली हुती तवा, भिंगारच्या छावनीत गोरे सोल्जर, रस्त्यानं लष्करच्या गाड्या, धुरळा. टेसनापासून आमी पायी गेलो, दादांच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं, भानूचा हात माज्या हातात. गुरुजी म्हंजे उंच, वाळकुडा मानूस, खादीचा सदरा. बाई म्हंजे त्यांची बायकू, ठेंगनी, आवाज मोठा. बाईंनी भानूचं नाव लिवलं, त्याला जवळ घिऊन त्याच्या तोंडावरनं हात फिरवला, मंग माज्याकडं वळून म्हनल्या, आणि हिचं नाव? दादा म्हनले, ती शिकायला न्हाई बाई, ती त्याचा हात धरायला आनलीय, बसंल कोपऱ्यात, पडंल ते काम करंल. तर बाई म्हनल्या, हे पहा पाटील, आमच्या वर्गात नुसतं हात धरायला कुणी बसत नाही, जो बसेल तो शिकेल, हिचं नाव सांगा. मीच म्हनले, अनुसया. मोठ्यांच्या मधी मी तोंड उगडलं ते त्या दिशी पैल्यांदा.

तिथली रीत न्यारी हुती. सकाळी उठलं की पोरांनीबी झाडायचं, पोरींनीबी खुरपायचं, भाकरी थापायची पाळी पोरांवरबी यायची आन मोटंवर बैलं हाकायची पोरींवर. गावातली, म्हंजे नगरची, येऊनजाऊन करनारी पोरं हुती वकिलाची, कापडवाल्याची, ती डबा आनायची, आन जेवायच्या वक्ताला समदे एका पंगतीला, म्हार म्हना, मुसलमान म्हना, आमी मराठे म्हना, एकच आमटी. मला पैल्या दिशी घास गिळंना. भानूला कोन बाजूला बसलंय ते दिसतच न्हवतं, तो आपला मजेत जेवला. नगरात लोक लई बोलायचे, पोरं-पोरी एकत्र शिकवत्यात, ह्यांचं काय बरं व्हायचं न्हाई. बाईंच्या कानावर यायचं. त्या म्हनायच्या, बोलू दे, त्यांच्या तोंडाला तेवढाच व्यायाम.

पर निजायला पोरांचं वायलं, पत्र्याची लांब खोली, आन पोरी बाईंच्या घराच्या पडवीला. तवा भानूला मी तिथं काय संबाळनार? आईला हे ठावं आस्तं तर तिनं पाठिवलंच नस्तं. पर तिथं उस्मान हुता. राहुरीचा, त्याचा बा नालबंद, बैलांच्या, घोड्यांच्या पायाला पत्र्या ठोकायचा. उस्मान माज्याच वयाचा, लई शांत, हातापायानं दणकट. त्यानं पैल्याच दिशी काय केलं, भानूच्या खाटंपासनं दारापत्तूर आन दारापासनं भाईर मोरीपत्तूर एक सुंभाची दोरी बांधली, कमरंएवढ्या उंचीवर, आन भानूला म्हनला, हिला धरून चाल, कुटं पडत न्हाईस. कुनी सांगितलं न्हवतं त्याला. तवापासनं भानू आन उस्मान दोन न्हाईतच, एकच.

शिकायचं आसं, की वर्गात भानू मदी, मी एका अंगाला, उस्मान दुसऱ्या अंगाला. मला तर अक्षरबी येत न्हवतं, आन भानूला वाचून दावायचं कुनी? म्हनून बाईंनी मला आदी शिकवायला घेतलं, दुपारची, बाकी पोरं खेळायची तवा. मी शिकले ती भानूसाठी शिकले, ह्यात काय खोटं न्हाई. मी धडा वाचायची, अडखळत अडखळत, आन भानू लगीच म्हनून दावायचा, न अडखळता. राग यायचा मला. म्हनायची, मी डोळं फोडून वाचायचं आन तू फुकटात पाठ करायचं व्हय रं. तर म्हनायचा, ताई, तू वाच, मला तुजा आवाज लागतो, उस्मान वाचतो तर बैलाला हाकल्यागत वाचतो.

एकदा भूगोल चालला हुता, आपला जिल्हा. फळ्यावर नकाशा. भानू म्हनला, गुरुजी, नदी कशी आस्ती नकाशात? गुरुजी थांबले. फळ्याकडं बगितलं, भानूकडं बगितलं. दुसऱ्या दिशी सकाळी बगतो तर गुरुजी धोतर खोचून अंगनात चिखल तुडवत हुते. आमी समदी पोरं लागलो. समदा नगर जिल्हा चिखलाचा केला, वरच्या अंगाला डोंगर, आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याकडचे, खाली उतार, प्रवरा, मुळा, सीना, भीमा, बोटानं चर काडून नद्या केल्या आन गावाच्या जागी चिंचोके रोवले. मंग गुरुजींनी भानूला खाली बसवलं आन म्हनले, आता तू मला नगर जिल्हा सांग. भानूची बोटं अशी डोंगरावरनं उतरली, नदीनदीनं, लई सावकास, सगळी साळा गप उभी, नगरच्या वकिलाची पोरं सुदा, आन भीमेच्या काठाला त्याचं बोट एका चिंचोक्याला लागलं तर म्हनला, ही आपली काष्टी. आन हासला. गुरुजींनी तोंड फिरवलं. मी तो नकाशा आजबी सांगते तुमाला, कुटला चिंचोका कुटं हुता ते. पावसानं तो वाहून गेला, मंग आमी दुसरा केला, पर त्याला तशी मजा आली न्हाई.

दादा सुगी झाली की यायचे, ज्वारी घिऊन. एका खेपंला ते भानूला म्हनले, काय रं, आता तुला हितलं समदं वळखीचं झालं आसंल, तुजा तू फिरत आसशील, मंग अनुला न्हेतो घरी, तिचं बी वय झालं, स्थळं येत्यात. मी तवा वरच्या वर्गात गेल्ते, वर्गात पैली हुती, बाई म्हनायच्या, ही सातवीच्या फायनलला बसेल आणि मास्तरीण होईल. भानू उठला, आन दोन पावलं टाकली तर बादलीला धडकून आडवाच पडला, कोपर फुटलं. दादांनी त्याला उचलला. भानू म्हनला, दादा, ताई नसली की मी असाच पडतो बगा. दादा म्हनले, बरं बरं, ऱ्हाऊ दे तिला आनखी. मी त्याचं कोपर पुसलं आन त्याच्यावरच वरडले, बगून चालत जा की. बगून! आंधळ्याला म्हनते मी, बगून चाल.

मंग बेचाळीसचं साल आलं. नगरच्या किल्ल्यात मोठमोठे पुढारी आनून ठिवलेत आसं समदे बोलायचे, आन आमच्या गुरुजींनाबी पोलीस घिऊन गेले, प्रभातफेरी काडली म्हनून. वर्गातूनच न्हेलं. जाताना गुरुजी म्हनले, धडा पुरा करा. झालं. नगरच्या लोकांनी आपापली पोरं काडून घेतली, सरकारच्या मानसांना भ्यायचे ना, वकिलाची गेली, कापडवाल्याची गेली. उरलो आमी बोर्डिंगातली, आन बाई एकट्या. सकाळी वर्ग, दुपारी वर्ग, चूल त्यांचीच, बैलं त्यांचीच. धान्य मिळंनासं झालं हुतं लढाईपायी, आमी पातळ आंबील प्यायचो, पर साळंची घंटा एक दिवस चुकली न्हाई. बाईंचा आवाज मात्र बारीक झाला.

त्याच्या फुडच्या पावसाळ्यात तापाची साथ आली, मुदतीचा ताप. आमच्यातली तिगं-चौगं पडली, बाकीची उठली, भानू काय उठंना. बाईंनी त्याला आपल्या घरात आनून निजवला. नगरचा डाक्टर यायचा, बाटली द्यायचा, म्हनायचा, मुदत भरली की उतरेल, खायला काय देऊ नका. वाळून काडी झाला पोरगा. मी आन उस्मान आळीपाळीनं पट्ट्या ठिवायचो. दादांना सांगावा धाडला, दादा आले, त्याच्या उशाशी बसून ऱ्हायले, त्यांना काय करावं कळंना, निसते त्याचे पाय दाबायचे.

एक दिवस जरा बरा वाटला. दुपारचं हुतं, पाऊस उगडल्याला. म्हनला, ताई, माजा कुटला धडा ऱ्हायलाय ते वाच, परीक्षा हाय ना. मी पुस्तक आनलं. खाटंला टेकून बसले आन वाचाया लागले, त्याचा हात माज्या गुडघ्यावर. एरवी वाचताना मदी मदी हूं म्हनायचा तो. म्हनला दोनदा-तीनदा. मंग हूं आलं न्हाई. मला वाटलं निजला, पर मी थांबले न्हाई, कारन मी थांबले की तो जागा व्हायचा, त्याची ती सवयच हुती. मी वाचतच ऱ्हायले. पान उलटलं. तवर बाई कवा येऊन उभ्या ऱ्हायल्या मला कळलं न्हाई, त्यांनी पुस्तकावर हात ठिवला आन म्हनल्या, अनु, पुरे बाळ आता. दादा त्याचे पाय दाबतच हुते.

सीनेच्या काठाला न्हेलं त्याला. पोरींनी जायचं नसतं. उस्मान गेल्ता. आला तो दोरीपाशी गेला, ती सुंभाची दोरी, आन ती सोडायला लागला तर गाठी सुटंनात, ओल्या झाल्या हुत्या. मंग ती सोडायचीच ऱ्हाऊ दिली.

दादा मला म्हनले, अनु, तुजं गाठुडं बांध. बाई मधी पडल्या. म्हनल्या, पाटील, ही वर्गात पहिली आहे, फायनलला थोडेच महिने राहिलेत, आता हिला नेऊ नका. दादा म्हनले, बाई, मी ज्याच्यासाठी आनली हुती तोच न्हाई ऱ्हायला. बाई म्हनल्या, तुम्ही आणली असेल त्याच्यासाठी, पण शिकली ती स्वतःच्या डोक्यानं, तुमच्या पोटी दोन हुशार लेकरं आली, एक देवानं नेलं, दुसरं तुम्ही का बुडवता? आसं कुनी दादांना कवा बोललं न्हवतं. दादांनी डोईवरचं मुंडासं काडून परत बांधलं. मंग म्हनले, ऱ्हाऊ द्या मंग. पास झाली तर तिच्या भावाला बरं वाटंल. आन एकटेच टेसनाकडं गेले. पाठमोरे मी बगितले. त्या दिशी दादा मला देवागत वाटले.

मी अब्यासाला लागले. लागले म्हंजे काय, पुस्तक उगडायची आन तोंडातून आवाज निगायचा न्हाई. मनात वाचायची मला सवयच न्हवती ना. बाई शेजारी बसायच्या आन म्हनायच्या, मला वाचून दाखव. तसं करता करता जमाया लागलं हुतं.

आन एक दिवस आई आली. कवा आगगाडीत न बसल्याली बाई, एकटी, इचारत इचारत आली. साळा तिनं पैल्यांदा बगितली. म्हनली, माजं लेकरू निजायचं कुटं? उस्माननं खाट दावली. तिनं खाटंवरनं हात फिरवला, त्या दोरीला हात लावला, दोरीला धरून मोरीपत्तूर चालत गेली आन परत आली, डोळं मिटून. मंग माजा हात धरला. चल म्हनली न्हाई, ऱ्हा म्हनली न्हाई. बाईंनी लई समजावलं तिला, चहा दिला, आई चहाबी एकाच हातानं प्याली, दुसऱ्या हातात माजा हात. जायची येळ झाली, आगगाडी गाटायची, तरी हात सुटंना. काय सांगू, तिचा हात लाकडागत कडक झाला हुता. मी बाईंकडं बगितलं. बाईंच्या डोळ्यात पानी. त्या म्हनल्या, जा, अनु, तुझी जागा मी ठेवते. मला कुनी वढून न्हेलं न्हाई बरं का, मी माज्या पायानं चालत गेले. आईला तसं सोडून मला वर्गात बसता आलं नस्तं.

घरी आई बरी झाली न्हाई. खायची न्हाई, गोठ्यात जाऊन बसायची. भाकरी, धुनी, म्हशी, समदं माज्याकडं आलं. परीक्षेची तारीक आली आन गेली, त्या दिशी मी भुईमूग उपटत हुते. दादा बांधावर येऊन उभे ऱ्हायले आन परत गेले. फुडच्या वर्साला माजं लगीन झालं, राहुरीच्या अलीकडं, पाटाच्या पान्यावरचं गाव, उसाची शेती. मालक सरळ मानूस, कवा हात उगारला न्हाई. सासू कडक हुती पर खायला पोटभर घालायची. चांगलं झालं म्हनायचं, दुसरं काय म्हननार.

स्वातंत्र्य मिळून गेल्तं, मला पैली लेक झाल्याली, तवा एक दिवस दारात कोन आलं, तर सासू म्हनली, कोन तरी मुसलमान पोरगा हाय, टोपीवाला, तुज्या साळंतला म्हनतोय. तिच्या तोंडावर आट्या. ते दिवसबी वंगाळ हुते, मानूस मानसाकडं वाकडं बगायचं. मी पदर सारकं करून भाईर आले तर उस्मान. मास्तर झाला हुता, पाथर्डीकडं कुटं साळा मिळाल्याली, बापाला भेटायला राहुरीला आला हुता, तवा चौकशी करत आला. मालकांनी त्याला घोंगडी टाकली, म्हनले, बस, भानूच्या भावाला ह्या घरात पानी इचारायचं नस्तं, द्यायचं आस्तं. सासू मंग गप झाली.

उस्माननं सांगितलं, गुरुजी सुटले तवा छाती पार खराब झाल्याली, साळा थोडी चालवली, मंग न्हाई झेपली, गुरुजी वारले, बाई माहेराकडं कोकनात गेल्या. साळंच्या जागेत कुनी गुरं बांधतं. मी आयकत हुते. मंग तो म्हनला, अनुताई, एक सांगायचं हाय, भानूनं सांगू नगं म्हनून शपथ घातली हुती, पर आता तो न्हाई, शपथ कुनाची पाळू? म्हनला, भानू दोरी न धरता फिरायचा. पैल्या वर्सातच त्याला समदा मळा पाठ झाला हुता, विहीर, मोट, वर्ग, बाईंचं घर, अंधारात आमी पोरं ठेचकाळायचो, तो न्हाई. कुनाचा हात त्याला लागत न्हवता. पर तुज्या बांगड्या वाजल्या की हात फुडं करायचा. मी त्याला म्हनायचो, आरं लबाडा, का बिचारीला राबवतोस. तर म्हनायचा, मी एकटा चालतो हे दादांना कळलं की ताईला घरी न्हेतील आन लगीन लावतील, तिची फायनल होऊ दे, मंग मी पळून दावतो.

लेक मांडीवर हुती, तिला घट धरून बसले. ती बादली, ते फुटल्यालं कोपर, आन मी त्याच्यावर वरडले, बगून चाल म्हनून. उस्मान रडत हुता, मोठा मिशा आल्याला मानूस.

माहेराला गेले तवा मला ऱ्हावलं न्हाई, आईला सांगितलं. वाटलं, तिला जरा बरं वाटंल, आपलं पोरगं कसं हुतं ते कळंल. ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्याली, गवरीचं शेन हाताला. समदं आयकून घेतलं. आन म्हनली, मला ठावं हुतं.

म्हनली, दिवाळीच्या सुट्टीत तुमी दोगं घरी आला हुता तवा त्याला एकटाच गोठ्यात जाऊन म्हशीला वैरन टाकताना मी बगितला, झरझर चालत हुता. मला बगून, म्हंजे माजी चाहूल आयकून थांबला आन म्हनला, आई, दादांना सांगू नगंस, ताई शिकतीय. मी न्हाई सांगितलं. शेवटपत्तूर न्हाई सांगितलं. मी म्हनले, आई, तुला ठावं हुतं, तो माज्यासाठी पडत हुता हे ठावं हुतं, आन तरी तू मला घिऊन आलीस? आई माज्याकडं बगंना. शेनाचा हात बगत म्हनली, अनु, मी तुला बगायला आले हुते गं, खरंच निसतं बगायला, तुजी परीक्षा होऊ दे म्हनूनच मनात धरून आले हुते. पर तुजा हात हातात घेतला तो त्याच्या हातागतच लागला. मंग माज्याच्यानं सुटला न्हाई.

मी पानी आनलं, तिचे हात धुतले, तिच्या केसाला तेल लावून वेनी घातली. तिचे केस तवाच पांढरे झाले हुते. त्यानंतर आमी दोघी त्यावर कवा बोललो न्हाई. ती लई वर्सं जगली, माज्याच घरी ऱ्हायली शेवटाला, माज्याच हातचं खाऊन गेली.

आता दादा न्हाईत, मालक न्हाईत, उस्मानबी गेला, त्याच्या मयतीला मी पाथर्डीला गेल्ते. माज्या तिन्ही लेकी शिकल्या, त्यांना मी कंदी म्हशीचं शेन काडायला साळंतून घरी ठिवलं न्हाई, एक तर नर्स हाय. नात सावेडीला फ्ल्याटात ऱ्हाती, तिनं एकदा मला स्कूटरवर मागं बसवून फिरवलं, म्हनली, आजी, कुटं हुती तुजी साळा? समद्या बिल्डिंगी, गाड्या, दुकानं, मला काय वळखू येईना. मी म्हनले, हितंच कुटंतरी आसंल, चल घरी.

लोक इचारत्यात, आईचा राग न्हाई का येत? येत हुता की, लई वर्सं येत हुता. मंग मलाबी लेकरं झाली, एक पाळण्यातलं गेलं, तवा कळलं, त्या येळंला आईचा हात तिच्या डोक्याचं आयकत न्हाई, तो आपला वायलाच आसतो. आता राग न्हाई, निसतं वाईट वाटतं, तेबी दुपारचं, पडल्या पडल्या. फायनल काय झाली न्हाई माजी. पर वर्तमानपत्र आलं की मी अजून मोठ्यानंच वाचते, नाती हासत्यात, हासू दे. तुमी हे लिवताय तर लिवा, भानूचं नाव नीट लिवा, भानुदास. आन तुमच्या पोरीबाळी सुखानं शिकू द्या, त्यांच्यासाठी कुनाला मुद्दाम पडावं लागू नये एवडंच माजं मागनं.